बोलके शहर, उत्तराची खुर्ची

मराठी माणसाने कोलकात्याच्या नागरी जीवनावर लिहायला बसावे आणि सुरुवात आपल्याच घोड्यांच्या टापांनी व्हावी, याला इलाज नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य बंगालात उतरले आणि कलकत्त्यातल्या लोकांची झोप उडाली. शहराभोवती खंदक खणू द्या, खर्चाचे आमचे आम्ही बघतो, अशी विनंती घेऊन तिथले देशी रहिवासी ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात गेले. परवानगी मिळाली. सहा महिन्यांत तीनएक मैल खणून झाले. मराठे काही शहरापर्यंत पोचले नाहीत, तेव्हा काम आहे तिथेच सोडून देण्यात आले. पुढे या 'मराठा डिच'चा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. आज त्या रस्त्याला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय या दोन आचार्यांची नावे आहेत आणि त्यावरून बसने जाणाऱ्याला बर्गींची, म्हणजे त्या मराठा स्वारांची, आठवण येण्याचे काही कारण नाही.

कलकत्तेकरांनी मिळून अंगावर घेतलेल्या सुरुवातीच्या सार्वजनिक कामांपैकी एक असे आपल्या कृपेने झाले. भीती होती तोवर एकोपा होता. भीती सरली, कुदळी खाली ठेवल्या गेल्या. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला जाणाऱ्यांना हे नवीन नाही. टाकी फुटली की सभागृह भरते, एरवी गणपूर्तीसाठी अर्धा तास वाट पाहावी लागते. त्या स्वाऱ्यांचा आणखी एक प्रसंग इथेच सांगून टाकतो. १७४४ मध्ये बंगालचे नवाब अलीवर्दी खान यांनी मराठ्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बोलणी करण्यासाठी मानकरा इथल्या शामियान्यात बोलावले आणि तिथेच सरदारांसकट कापून काढले. बोलायला बसणाऱ्याला सुखरूप उठून जाण्याची खात्री हवी, ही अट इतकी प्राथमिक आहे की ती कोणी मांडत नाही. पण वॉर्डातल्या सभेत उभे राहून प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात तीच शंका असते. उद्या माझ्या दुकानाला नोटीस तर येणार नाही ना?

पुढच्या पानांतले लेख कोलकात्याच्या पाड्यांविषयी (पाडा म्हणजे आपली आळी), महापालिकेविषयी आणि तिथे चालणाऱ्या वादांविषयी आहेत. ते मराठीत का, असे कोणी विचारील. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक इथे जे प्रश्न आपण रोज चघळतो, ते या शहराने आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा मोठ्या आवाजात चघळले आहेत, म्हणून.

कोलकात्याची एक ख्याती अड्ड्याची. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसात एका 'इन्फ्यूजन'वर दुपार काढणारी टेबले, उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या दारापुढचे रोयाक, म्हणजे दगडी कट्टे, आणि त्यांवर क्रिकेटपासून क्यूबापर्यंत चालणारी चर्चा. सत्यजित राय यांनी 'आगंतुक' (१९९१) या शेवटच्या चित्रपटात अड्ड्याच्या थोरवीवरच एक वाद रंगवला आहे. दुसरी ख्याती मिछिलची, म्हणजे मोर्चाची, बंदची, घेरावाची. १९५३ च्या जुलैत ट्रामच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढले आणि शहर पेटले. ट्राम जळल्या, धरपकड झाली, शेवटी वाढ मागे घ्यावी लागली.

अड्ड्यावर काही ठरवायचे नसते, म्हणून तर तो रंगतो. मोर्चात सगळे आधीच ठरलेले असते, त्यामुळे ऐकून घेण्यासारखे काही उरत नाही. या दोहोंच्या मध्ये एक रुक्ष जागा असते. तिथे न आवडणाऱ्या माणसाचे ऐकावे लागते, त्याला उत्तर द्यावे लागते आणि उठण्यापूर्वी काहीतरी ठरवून कागदावर आणावे लागते. माझे म्हणणे असे की ही जागा माणसांच्या सुसंस्कृतपणावर चालत नाही. उत्तर द्यायला कोण बांधलेला आहे, झालेले कोण लिहून घेतो, ध्वनिक्षेपक कोणाच्या हातात आहे, यावर ती चालते. 'हल्ली लोकांना बोलायची रीतच राहिली नाही' असा सुस्कारा टाकणाऱ्यांशी माझे इथेच बिनसते. रीत पूर्वीही नव्हती. बघा.

१८७६ मध्ये कलकत्ता पालिकेत ७२ सदस्य झाले आणि त्यांपैकी ४८ करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने ही संख्या ७५ आणि ५० वर गेली. वकील, जमीनदार, डॉक्टर, संपादक सभागृहात येऊन बसले आणि बोलू लागले. गटारे, पाणी, कर, घरांची पाडापाडी, प्रत्येक गोष्टीवर. १८९६ मध्ये बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी गटारयोजनेच्या एका समारंभात पालिकेला जाहीरपणे झोडपले. इथे बोलण्याला तोटा नाही आणि त्यामुळे कामाला विलंब होतो, अशा अर्थाची ती टीका होती. ती केवळ टीका राहिली नाही. नव्या कायद्याचा मसुदा आला, लॉर्ड कर्झन यांनी तो आणखी आवळला आणि १८९९ मध्ये सभागृह ५० जणांचे करून त्यात निवडून आलेले फक्त २५ ठेवले. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सदस्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले.

मॅकेन्झींचे म्हणणे निव्वळ खोटे नव्हते, हे मान्य करायला हवे. पालिकेत वेळ जात होता. पण लोकांना न विचारता झपाट्याने काम करण्याचा नमुना त्याच सुमारास आपल्याकडे पुण्यात दिसत होता. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँड या अधिकाऱ्याच्या माणसांनी घरात शिरून तपासण्या केल्या, सामान बाहेर काढले, आणि १८९७ च्या जूनमध्ये त्याचा शेवट गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्यांनी झाला. बोलण्यात गेलेल्या वेळाचा हिशोब सगळेच मांडतात. न बोलण्याची किंमत मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते.

याच सुरेंद्रनाथांची आणि महाराष्ट्राची आणखी एक गाठ आहे. ती आपल्याला फारशी शोभादायक नाही. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमध्ये पहिल्या दिवशी त्यांना बोलूच दिले नाही. दुसऱ्या दिवशी मंडपातून एक मराठी जोडा उडाला. लाल चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन व्यासपीठाजवळच होता आणि त्याने त्या जोड्याचे साग्रसंगीत वर्णन करून ठेवले आहे. जोडा सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. एकाच फटक्यात कलकत्ता आणि मुंबई या दोन महापालिका गाजवलेले दोन दिग्गज! त्यानंतर खुर्च्या चालल्या.

मात्र त्याच घटनेला कलकत्त्यात एक उत्तर मिळाले, तेही एका मराठी माणसाकडून. सखाराम गणेश देऊसकर हे देवघरजवळ जन्मलेले, बंगालीत लिहिणारे मराठी लेखक. त्यांचे 'देशेर कथा' १९०४ मध्ये आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कलकत्त्यातल्या शिवाजी उत्सवामागे त्यांची खटपट होती. सुरतेनंतर 'हितवादी' या पत्राच्या चालकांनी त्यांना टिळकांवर टीका करायला सांगितले, तेव्हा त्यांनी टीका केली नाही आणि आरडाओरडही केली नाही. नोकरी सोडली. मतभेद कसा मांडावा याचा हा नमुना हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला जमणाऱ्या आजच्या कोलकाताकर मराठी मंडळींपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. महाराष्ट्रात तर देऊसकरांचे नाव काढणारेच थोडे.

जोडा खाल्लेल्या सुरेंद्रनाथांनीच पुढे बंगालचे स्थानिक स्वराज्य मंत्री म्हणून १९२३ चा कलकत्ता पालिका कायदा आणला. त्या कायद्याने निवडून आलेल्यांचे बहुमत परत मिळाले, स्त्रियांना मत मिळाले आणि महापौर नगरसेवकांनी निवडायचा झाला. १९२४ मध्ये देशबंधू चित्तरंजन दास पहिले महापौर झाले आणि सत्तावीस वर्षांचे सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. त्याच वर्षी अमल होम यांच्या संपादकत्वाखाली 'कलकत्ता म्युनिसिपल गॅझेट' निघू लागले. पालिकेने स्वतःच्या कारभाराचे साप्ताहिक काढावे आणि ते लोकांनी वाचावे, ही कल्पना आजही फार थोड्या महापालिकांना पेलेल. याचा अर्थ तो रामराज्याचा काळ होता असे नाही. कॉर्पोरेशनला 'चोरपोरेशन' म्हणणारे बंगालीच. १९४८ मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये सरकारने ही निवडून आलेली पालिका बाजूला सारून कारभार आपल्या हाती घेतला.

आता आजच्या रचनेकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाची नाडी तिथेच आहे. १९८० चा कायदा १९८४ मध्ये अमलात आला, १९८५ मध्ये निवडणूक झाली आणि कोलकात्यात महापौर परिषद आली. महापौर, उपमहापौर आणि आणखी काही नगरसेवक मिळून शहराचे जणू मंत्रिमंडळ. सभागृहाचा अध्यक्ष वेगळा. म्हणजे पाण्याबद्दल प्रश्न आला तर पाणी सांभाळणारा नगरसेवक उठून उत्तर देतो. त्यालाही पुढच्या निवडणुकीत मते मागायची असतात. मुंबईत १८८८ च्या कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकारने नेमलेला. महापौर सभागृहाचे अध्यक्षपद भूषवतात, घंटा वाजवतात, परदेशी पाहुण्यांचे स्वागत करतात. आपल्याकडच्या सभागृहातला आरडाओरडा पाहून नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्याच्यावर ओरडायचे तो निवडून आलेला नाही आणि जो निवडून आलेला आहे त्याच्या हातात काही नाही. मग माणूस राजदंड पळवील नाही तर काय करील? शिवाय २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई-पुण्यात सभागृहच नव्हते, प्रशासक होते. शांतता होती, हे खरे.

कोलकात्याची रचना चांगली, म्हणून तिथले सगळे आलबेल आहे असा समज कोणी करून घेऊ नये. २०२१ च्या डिसेंबरात झालेल्या निवडणुकीत १४४ पैकी १३४ जागा तृणमूल काँग्रेसला मिळाल्या. भाजप तीन, डावे दोन, काँग्रेस दोन, अपक्ष तीन. दहा जणांनी १३४ जणांना प्रश्न विचारायचे. अशा सभागृहात सौजन्य दिसले तरी ते कशाचे मानायचे? आणि ते दिसतेच असेही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सत्ताधारी आणि भाजपचे नगरसेवक सभागृहातच एकमेकांना भिडले. बहुमत एवढे प्रचंड असताना हातघाईवर का यावे लागते, हे कोडे वरवरचे आहे. मोजून हरवता येत नाही तेव्हा अल्पमतातला आवाज चढवतो, आणि उत्तर न देताही चालते असे कळले की बहुमतातल्याला सवय राहत नाही.

महापौर फिरहाद हकीम यांनी २०१९ मध्ये 'टॉक टू मेयर' सुरू केले. आठवड्यातून एकदा नागरिकांनी फोन करायचा, महापौर समोर अधिकारी बसवून ऐकणार आणि तिथल्या तिथे आदेश देणार. तुंबलेले गटार, बेकायदा मजला, आटलेला नळ. लोकांना हे आवडले यात नवल नाही. पण फोनवरचा माणूस एकटा असतो. त्याचे गटार साफ झाले म्हणजे पलीकडच्या गल्लीचे कोणत्या क्रमाने साफ होणार हे ठरत नाही, आणि नगरसेवकाने जे आधीच करायचे होते ते महापौरांपर्यंत का जावे लागले, हा प्रश्न बाजूलाच राहतो. दरबारात अर्ज करण्याची आपल्या देशाची जुनी सवय फोनवर आली एवढेच.

पाड्यात काय असते? एक क्लब असतो. कॅरमचा बोर्ड, भिंतीवर फुटबॉलच्या ढाली, एका कोपऱ्यात दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू. रस्त्याच्या वळणावर एका फळीवर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या 'गणशक्ती'चा अंक चिकटवलेला असायचा आणि कामावर जाणारी माणसे उभ्याउभ्या वाचत असत. काही ठिकाणी अजून दिसतो. पक्षाचे पत्र असले तरी शेजारी उभ्या माणसाशी त्यावरून दोन शब्द होतात. क्लबचे दादा भाडेकरू-मालकाची भांडणे मिटवतात, रक्तदान भरवतात, रात्री तापाने फणफणलेल्याला इस्पितळात नेतात. हीच मंडळी घर बांधणाऱ्याने वाळू कोणाकडून घ्यायची हेही सांगतात. २०११ नंतर राज्य सरकारने क्लबांना अनुदाने द्यायला सुरुवात केली. दुर्गापूजेचे अनुदान २०१८ मध्ये प्रत्येक मंडळाला दहा हजार रुपये होते, ते २०२५ मध्ये एक लाख दहा हजारांवर गेले. सरकारी पैसा घेतलेला क्लब सरकारला अडचणीचा प्रश्न विचारील का, हे तिथलेच लोक विचारतात. आपल्याकडच्या गणेश मंडळांना आणि त्यांच्या फलकांवरच्या चेहऱ्यांना हा प्रश्न परका नाही.

ध्वनिक्षेपकाचेही पाहा. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती प्रसाद बॅनर्जी यांनी ध्वनिक्षेपकांच्या आवाजाला मर्यादा घालताना एक मूलगामी मुद्दा मांडला. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे तसे न ऐकण्याचेही आहे, नको असलेले बोलणे कोणाच्या कानावर जबरदस्तीने आदळता येत नाही. देशभरातल्या ध्वनिप्रदूषणाच्या वादात त्या निकालाचा आधार पुढे वारंवार घेतला गेला. सभ्य संवादाचे धडे देणाऱ्या दहा व्याख्यानांपेक्षा हा एक आदेश मला मोलाचा वाटतो.

फेरीवाल्यांचे प्रकरण या पुस्तकात सविस्तर येते, म्हणून इथे थोडक्यात. १९९६ च्या नोव्हेंबरात 'ऑपरेशन सनशाइन' झाले. गडियाहाटसह मोठ्या रस्त्यांवरची दुकाने एका रात्रीत उखडली गेली. काही काळातच माणसे परत येऊन बसली, कारण पोट तिथेच होते. १८ वर्षांनी, २०१४ मध्ये देशाने कायदा केला की प्रत्येक शहरात फेरीवाला समिती असावी आणि तिच्यात किमान ४० टक्के फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी असावेत. पदपथाचा एक तृतीयांश विकणाऱ्याला, दोन तृतीयांश चालणाऱ्याला, हे सूत्र कोलकात्यात फेरीवालेही सांगतात आणि अधिकारीही. भांडण आता फुटपट्टीवर आले आहे, ही प्रगती आहे. तरीही २०२४ च्या जूनमध्ये एकदम हटाव मोहीम निघाली, बुलडोझर आले, आणि मग मुख्यमंत्र्यांनी महिन्याची मुदत देऊन पाहणी करायला सांगितली. आधी पाडायचे आणि मग मोजायचे, हा क्रम मोडायला कायदाही पुरत नाही असे दिसते.

पण या सगळ्यात मला सर्वात शिकवून जाणारा प्रसंग महापालिकेतला नाही. २०२४ च्या ९ ऑगस्टला आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. १४ ऑगस्टच्या रात्री बायका रस्त्यावर उतरल्या, कनिष्ठ डॉक्टरांनी काम थांबवले आणि सप्टेंबरात सरकारशी बोलणी ठरली. पुढचे काही दिवस वाद मागण्यांवर झालाच नाही, बोलायचे कसे यावर झाला. डॉक्टर म्हणत, बैठक थेट दाखवा. सरकार म्हणे, प्रकरण न्यायालयात आहे, थेट दाखवता येणार नाही, चित्रण करून ठेवू. १२ सप्टेंबरला नबान्न या राज्य सचिवालयाच्या सभागृहात मुख्यमंत्री ममता बॅनर्जी रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन तास बसून राहिल्या आणि डॉक्टर दाराबाहेर. १४ तारखेला त्यांच्या कालीघाटच्या घरापुढे डॉक्टर पावसात भिजत उभे. त्या बाहेर आल्या, आत या, निदान चहा तरी घ्या म्हणाल्या. तेही फिसकटले.

१६ सप्टेंबरला डॉक्टर आले ते दोन लघुलेखक बरोबर घेऊन. थेट प्रक्षेपण नाही, चित्रण नाही. काय बोलणे झाले ते दोन्ही बाजूंनी लिहून घ्यायचे आणि त्यावर दोन्हीकडच्या सह्या. मध्यरात्रीपर्यंत ते चालले. पोलीस आयुक्त आणि आरोग्य खात्यातले दोन संचालक बदलण्याचे त्या बैठकीत ठरले आणि दुसऱ्या दिवशी शहराला नवे पोलीस आयुक्त मिळाले. लघुलेखक नेण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला माझा नमस्कार. समोरच्यावर विश्वास नसतानाही त्याच्याशी बोलता येते, फक्त कागद दोघांचा लागतो.

पुढे २१ ऑक्टोबरला नबान्नमध्ये दुसरी बैठक झाली, ती मात्र थेट दाखवली गेली. घरोघर लोकांनी पाहिली. मुख्यमंत्र्यांनी प्राचार्यांना जाब विचारला, डॉक्टरांनी मुख्यमंत्र्यांना न डगमगता उलट उत्तरे दिली. बंगाली माणसाला आपल्या राज्यकर्त्यांना असे समोरासमोर बोललेले पाहून बरे वाटले असेल, मलाही वाटले. पण तिथे दोन्ही बाजू एकमेकींशी कमी आणि पाहणाऱ्यांशी जास्त बोलत होत्या. बंद दाराआडची सही केलेली बैठक की सर्वांपुढची उघडी? पारदर्शकतेचा पुरस्कार करणाऱ्या आपणा सर्वांना यावर जरा थांबून विचार करावा लागेल. माझा कौल तूर्त लघुलेखकांच्या बाजूने आहे.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे उदाहरण भिवंडीचे. १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसे ठरलेल्या वेळी भेटत राहिली, पोलिसांसमोर बोलत राहिली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी लोकांना प्रेमाचे प्रवचन दिले नव्हते, बैठकीची वेळ ठरवून दिली होती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बंगाल सरकारने 'आमादेर पाडा, आमादेर समाधान' ही योजना सुरू केली. सुमारे ८० हजार मतदान केंद्रे, प्रत्येकी दहा लाख रुपये, आणि त्यातून कोणती किरकोळ कामे करायची ते तिथल्या रहिवाशांनी बसून सांगायचे. दिवे, नळ, नाल्या, अंगणवाडीचे छप्पर. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे विरोधकांनी तिला मतांची सोय म्हटले. तसे असेलही. पण तिच्यात एक गोष्ट फोनवरच्या अर्जात नव्हती ती होती. रक्कम ठरलेली होती. माझा दिवा लागायचा तर शेजारणीचा नळ राहतो, तेव्हा मला महापौरांशी नव्हे, शेजारणीशी बोलावे लागते, तिच्या समोर बसून, आणि अधिकारी लिहून घेत असताना. पुढच्या लेखांतली बरीच माणसे अशाच बैठकांतली आहेत. काही तावातावाने बोलणारी, काही मागच्या बाकावर गप्प बसलेली, आणि एकदोघे सारखी विचारणारी की मागच्या वेळी जे लिहून घेतले होते ते आज आधी वाचून दाखवता का.